रंगाचं इंजेक्शन कशासाठी?

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. आजचा विषय कर्जाचा नाही, आजाराचा आहे. पण सुरुवात गटाच्या मीटिंगपासूनच होते.

घोड नदीच्या काठच्या एका गावात आमचा गट आहे. तिथल्या एका मावशींचे डोळे दोन वर्षांपूर्वी पिवळे झाले. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. नुसती अंगाला खाज सुटलेली आणि जेवणावरची वासना उडालेली. शेजारच्या गावात कावीळ उतरवतात, तिथं त्या तीन आठवडे गेल्या. गळ्यात माळ घातली, नाकात रस सोडला, पथ्य पाळलं. कावीळ काही उतरली नाही. मग मुलानं सोनोग्राफी करून आणली. महिन्याच्या मीटिंगला मावशींनी तो कागद पिशवीतून आणला आणि म्हणाल्या, "बघा गं पोरींनो, यात काय लिहिलंय."

कागद इंग्रजीत. आमच्यातल्या बी.ए. झालेलीनं तो वाचला. पित्ताशयात खडा नाही, एवढं समजलं. शेवटी एक ओळ होती. पित्ताची नळी फुगलेली आहे, गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही, कॉन्ट्रास्ट सी.टी. करावा, अशा अर्थाची. ती ओळ आम्ही वाचली, पण 'जमलं तर करा' असा तिचा अर्थ घेतला. "मावशी, खडा नाही, गाठ कुठं लिहिलेली नाही," असं सांगून पुढच्या विषयाला लागलो. हप्ते भरून घेतले. मावशींच्या नातीच्या फीसाठी कर्जही मंजूर केलं. कागद पत्र्याच्या पेटीत गेला.

दोन महिन्यांनी स्कॅन झाला, तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. तिनं शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता. ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला, खाज गेली, डोळे निवळले. मावशींनी दिवाळी बघितली. संक्रांतीला त्या नव्हत्या.

दोन महिने आधी स्कॅन झाला असता तर त्या वाचल्याच असत्या, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ती ओळ आम्ही सोडली, हे आमचं आम्हाला माहीत आहे. म्हणून त्या ओळीत काय असतं, ते आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

पोटातली पाइपलाइन

उजव्या बरगडीखाली आपलं लिव्हर, म्हणजे यकृत. तिथं पित्त तयार होतं. ते पित्ताशयात साठतं आणि एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. ही नळी आतड्याला मिळण्याआधी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं. त्याच्या डोक्यात गाठ झाली किंवा नळीतच गाठ झाली, की पाइप दाबला जातो आणि पित्त मागे तुंबतं. मग डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौच पांढुरकं आणि अंगाला खाज. दुखत मात्र नाही. म्हणून माणूस निवांत राहतो.

इथं काविळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात माळ घातलेली असली, तर गुण माळेला जातो. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही अंगातून कावीळ निघाल्यामुळे नाही. आंब्याच्या सालीसारखा रस हाताला लावलेला असला, की चुन्यानं तो पिवळा होतो. नळी दाबल्यामुळे झालेली कावीळ अशानं उतरत नाही. ती वाढतच जाते आणि दिवस वाया जातात.

साध्या फोटोत का दिसत नाही?

एक्स-रेचा शोध जर्मनीत रोंटगेन यांनी १८९५ साली लावला. त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली, मांस मात्र नुसती सावली. अडचण तेव्हापासूनची आहे. हाड नि धातू चटकन दिसतात, मऊ अवयव एकमेकांसारखेच दिसतात.

पुढे इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांनी सी.टी. स्कॅनचं मशीन केलं. १९७१ साली त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. सी.टी.मध्ये एक्स-रे शरीराभोवती गोल फिरतो आणि पोटाचे, भाकरीच्या चवडीसारखे, एकाखाली एक पातळ काप दाखवतो. तरीसुद्धा लिव्हरमधली गाठ आणि भोवतीचं लिव्हर करड्या रंगाचंच दिसू शकतं. काळ्या ढेकळांत काळा दगड शोधण्यासारखं.

सोनोग्राफीची अडचण वेगळी. ती आवाजाच्या लहरींवर चालते आणि आतड्यात गॅस असला की त्या लहरी पुढे जात नाहीत. स्वादुपिंड तर आतड्या-जठराच्या मागे लपलेलं. सोनोग्राफी चांगलीच आहे. स्वस्त आहे, जवळ मिळते आणि नळी फुगली आहे का, हे ती लवकर सांगते. पण 'नीट दिसलं नाही' आणि 'काही नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही तिथंच चुकलो.

आणखी एक. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोटुशी बाईच डोळ्यांपुढे येते. सेंटरच्या दारात गर्भलिंग तपासणी होत नाही असा बोर्ड असतो, त्यानं तो समज पक्का होतो. एक आत्याबाई आम्हाला म्हणाल्या, "या वयात सोनोग्राफीला गेले तर लोक काय म्हणतील?" आत्याबाई, लिव्हरला वय नसतं. लाजू नका.

पाटाला पाणी सोडल्यासारखं

आता रंगाचं इंजेक्शन. कोणी त्याला डाय म्हणतं, कागदावर कॉन्ट्रास्ट लिहितात. सी.टी.साठीच्या औषधात आयोडीन असतं. ते एक्स-रे अडवतं, म्हणून औषध ज्या रक्तात पोचतं तो भाग फोटोत उजळ दिसतो. खरं तर औषध पाण्यासारखंच असतं, त्यानं आपण आतून रंगत नाही.

पण नुसतं औषध दिलं म्हणून भागत नाही. खरी गंमत वेळेची आहे. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याचं आणि शिरूरकडे चासकमानचं आवर्तन सुटतं, तेव्हा आपण बांधावर उभं राहून काय बघतो? कुठला वाफा आधी भिजला, कुठला मागून, कुठं पाणी पोचलंच नाही आणि कुठं साचून राहिलं. त्यावरून जमीन कशी आहे ते कळतं. डॉक्टर तेच बघतात. औषध शिरेतून मशीननं जोरात सोडतात आणि ठरावीक वेळांनी त्याच पोटाचे पुन्हा पुन्हा फोटो काढतात. पहिला साधारण पस्तीस-चाळीस सेकंदांनी, दुसरा सत्तरच्या आसपास, तिसरा तीन ते पाच मिनिटांनी. काही वेळा औषधाआधी एक साधाही काढतात.

लिव्हरची गाठ. लिव्हरला दोन पाट आहेत. रुपयातलं बारा आणे रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं आणि चार आणे हृदयाकडून येणाऱ्या धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक सगळं रक्त धमनीतून ओढते, चोरून पाइप जोडल्यासारखं. धमनीचं पाणी आधी पोचतं, म्हणून पहिल्या फोटोत गाठ उजळ दिसते. मग मोठ्या पाटाचं पाणी येऊन बाकीचं लिव्हर भिजतं, तोवर गाठीतलं औषध निघून गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत ती काळपट दिसते. आधी उजळ, मग काळपट, ही खूण इतकी बोलकी आहे, की लिव्हर आधीच निबर झालेल्या, म्हणजे सिऱ्होसिस असलेल्या माणसात ती नेमकी दिसली, तर पुष्कळदा सुई टोचून तुकडा न काढताही निदान होतं.

स्वादुपिंडाची गाठ. स्वादुपिंडाला रक्त भरपूर, ते पटकन भिजतं आणि उजळतं. त्याची नेहमीची कर्करोगाची गाठ मुरमाड पट्ट्यासारखी, तिच्यात रक्त कमी. म्हणून उजळलेल्या स्वादुपिंडात गाठ काळा डाग म्हणून दिसते. हा फोटो चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या सुमाराला नीट येतो. वेळ चुकली तर डाग फिका पडतो. रक्तवाहिन्याही याच वेळी उजळलेल्या असतात. गाठ त्यांना चिकटली आहे का, किती वेढा घातला आहे, हे दिसतं. ऑपरेशन होईल की नाही, ते मुख्यतः यावर ठरतं.

पित्ताच्या नळीची गाठ. ही चिवट तंतूंची असते. चोपण जमिनीसारखी, पाणी हळूहळू घेते आणि मग धरून ठेवते. म्हणून ती बहुधा शेवटच्या, उशिराच्या फोटोत उजळते. तो फोटो काढलाच नाही, तर ती नजरेतून सुटू शकते.

आता कळलं ना, कागदावर 'ट्रायफेजिक' म्हणजे तीन टप्प्यांचा असं का लिहितात? म्हणून सेंटरवर जाताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्या. कशासाठी स्कॅन आहे, ते त्यात लिहिलेलं असू द्या. नुसतं 'पोटाचा स्कॅन करा' म्हणू नका.

प्रत्येक गाठ वाईट नसते

दौंड तालुक्यातल्या एका वहिनींच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ लिहून आली. घरात रडारड. दीर म्हणाले, आता उगाच पैसा घालवू नका. सासूबाईंनी मात्र दावणीची गाय विकायची तयारी दाखवली आणि वहिनींना स्कॅनला पाठवलं. पहिल्या फोटोत गाठ फक्त कडेनं ठिपक्यांसारखी उजळली, मग औषध हळूहळू आत भरत गेलं आणि तिथंच थांबलं. हा रक्तवाहिन्यांचा साधा गुंता असतो, त्याला हिमँजिओमा म्हणतात. तो कर्करोग नाही आणि बहुतेकांना त्याच्यावर काही उपचारही लागत नाहीत. गाय दावणीलाच राहिली. तेव्हा रंगाचं इंजेक्शन वाईट बातमीच आणतं, असं मनात धरू नका. कधी ते डोक्यावरचं ओझं उतरवतं.

एम.आर.आय., बुडबुडे आणि दुर्बीण

एम.आर.आय.मध्ये एक्स-रे नसतो, मोठं चुंबक असतं. त्यातलं औषध गॅडोलिनियम नावाच्या धातूचं. लिव्हरसाठी एक खास औषध आहे, ते लिव्हरच्या चांगल्या पेशी स्वतः उचलतात. वीस मिनिटांनी फोटो काढला की चांगलं लिव्हर उजळतं, कर्करोगाची गाठ बहुधा काळी राहते. एम.आर.सी.पी. हाही त्याच मशीनवरचा प्रकार, पण त्याला इंजेक्शन लागत नाही. साचलेलं पित्तच उजळ दिसतं आणि पाइपलाइनचा अख्खा नकाशा मिळतो.

सोनोग्राफीतही आता शिरेतून औषध देता येतं. ते रक्तपेशीपेक्षाही लहान अशा वायूच्या बुडबुड्यांचं असतं. वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार येत नाही. लिव्हरच्या गाठींसाठी त्याचा उपयोग होतो, पण ही सोय मोठ्या शहरांत आणि ठरावीक ठिकाणीच आहे.

ई.आर.सी.पी. म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत औषध सोडणं आणि गरज असेल तर स्टेंट टाकणं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. गाठीचा संशय असेल, तर शक्यतो कॉन्ट्रास्ट स्कॅन आधी आणि स्टेंट नंतर. स्टेंट टाकल्यावर आजूबाजूला सूज येऊ शकते आणि गाठीची कड नीट दिसत नाही. पित्तात जंतू होऊन थंडी वाजून ताप भरला, तर मात्र थांबायचं नसतं. ते डॉक्टर ठरवतील, पण "स्कॅन आधी करायचा का?" एवढं विचारायला आपल्याला कोणाची बंदी नाही.

भीती वाटते, त्याचं काय?

औषध जाताना सगळ्या अंगातून गरम लाट जाते, तोंडात लोखंडासारखी चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. एक-दोन मिनिटांत सगळं जातं. सी.टी.ला एकूण दहा-पंधरा मिनिटं लागतात. एम.आर.आय.ला अर्धा-पाऊण तास, आणि खूप आवाज. अंगावर गांधी उठणं, खाज, उलटी असं काहींना होतं. श्वास कोंडण्याइतका त्रास क्वचित होतो, पण त्याची तयारी तिथं ठेवलेली असते. म्हणून स्कॅन झाला की लगेच एस.टी. धरायची घाई करू नका, अर्धा तास बसा.

जाण्याआधी पुढच्या गोष्टी न विचारताही सांगा. किडनीचा त्रास आहे का. आधी कधी या औषधानं त्रास झाला होता का. दमा आहे का. पाळी चुकली आहे का, दिवस गेले असतील का. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, नुसतं सांगा. औषध किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करतात. ती टाळू नका. उपाशी किती वेळ राहायचं, ते सेंटरला विचारा. नंतर पाणी भरपूर प्या, डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं असेल तेवढं सोडून.

एम.आर.आय.ला मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पिना सगळं काढावं लागतं. जोडवी काढायला जीव धजत नाही, हे आम्हाला कळतं. पण चुंबक सौभाग्य बघत नाही. घरीच काढून सासूबाईंच्या हातात देऊन निघा, म्हणजे तिथं घालमेल होत नाही. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल, तर आधी सांगा.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. बाहेरच्या बाहेर स्कॅन केला, तर खर्च बहुधा आपल्याच अंगावर पडतो. म्हणून आधी योजनेतल्या रुग्णालयात जा, तिथं आरोग्यमित्र असतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा. १५५३८८ या नंबरवरही माहिती मिळते. पुण्याचं ससून रुग्णालय सरकारी आहे आणि पुणे स्टेशनच्या जवळ आहे. दौंडहून गाडीनं उतरलं की फार लांब नाही.

आणि स्कॅन झाला की नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका, फिल्म आणि सी.डी. मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना फोटोच बघायचे असतात. सी.डी. नसली, तर पुन्हा इंजेक्शन, पुन्हा खर्च.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर तुम्हाला आठवत असतील. फेब्रुवारी २०१८मध्ये ते मुंबईत रुग्णालयात दाखल झाले, मग अमेरिकेत उपचार घेतले. स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं. १७ मार्च २०१९ला ते गेले. वय ६३. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या माणसालाही हा आजार सोडत नाही, कारण तो खोल बसतो आणि उशिरा बोलतो. मग ज्या बाईच्या अंगावर तो डोळे पिवळे करून आधीच बोलतोय, तिनं ती हाक वाया का घालवायची?

मावशींनंतर आमच्या गटांनी एक नियम केला आहे. मीटिंगला कोणीही दवाखान्याचा कागद आणला, की त्याची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायची. इंग्रजी कळलं नाही, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवायची. 'पुढची तपासणी करा' असं लिहिलं असेल, तर कोण बरोबर जाणार आणि कोणत्या दिवशी, ते तिथंच ठरवून वहीत लिहायचं. अंतर्गत कर्जात आजारपणाला पहिला नंबर.

तुमच्या घरात कोणाचे डोळे पिवळे असतील आणि दोन आठवडे झाले असतील, खाज असेल, शौच पांढुरकं असेल, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक वजन उतरलं असेल किंवा नव्यानं साखर निघाली असेल, तर वाट बघू नका. आणि पेटीत, देव्हाऱ्यामागं, गादीखाली एखादा कागद ठेवलेला असेल, तर हा कार्यक्रम संपला की तो काढा. शेवटची ओळ वाचा.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू.